तरुणांची तंबाखूमुक्ती आणि ऑनलाइन मोहिमा : उपयोग, मर्यादा व आपले कर्तव्य



वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, औषधभांडार आणि जमाखर्च यांची माहिती क्रमाने दिलेली असते. जो रुग्ण आला, त्याची नोंद होते. जे उपकरण घेतले, त्याची पावती असते. परंतु जो आजार वेळीच टळला, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. प्रतिबंधाच्या कार्याची हीच अडचण आहे. म्हणूनच तरुणांना तंबाखूपासून परावृत्त करण्यासाठी मोबाइल फोनद्वारे मोहीम चालवावी, असा विचार पुढे आला तेव्हा काही विश्वस्तांनी रास्त प्रश्न उपस्थित केला. खाटांची आणि औषधांची निकड असताना देणगीदारांचा पैसा मोबाइलवरील संदेशांवर का खर्च करावा? या प्रश्नाचे उत्तर सविस्तर व आकडेवारीसह देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या परिसरातील तंबाखूचे स्वरूप

शहागड हे अंबड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथेच गोदावरी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. जायकवाडीच्या पाण्यामुळे परिसरात ऊस वाढला. उसाबरोबर साखर कारखाने, ट्रॅक्टर, ट्रक आणि हंगामी मजुरांची ये-जा वाढली. महामार्गावरील गावात चहाचे हॉटेल, पंक्चरचे दुकान आणि पानटपरी ही एकमेकांच्या आधाराने उभी असतात. शाळा-महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी बसची वाट पाहत उभा राहतो, तोही बहुधा अशाच टपरीच्या सावलीत.

तंबाखूविरोधी मोहीम म्हटली की सिगारेटचे चित्र डोळ्यांसमोर येते. आपल्याकडील वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने केलेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के होते. तर तोंडात धरावयाचा किंवा चघळावयाचा तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. म्हणजे महाराष्ट्रातील तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः धुराचा नसून तोंडाचा आहे. चुना लावून मळलेला तंबाखू, गुटखा, मावा, सुगंधित सुपारी आणि घरातील स्त्रियांची मशेरी ही त्याची रूपे होत. परदेशातील सिगारेटविरोधी चित्रफीत मराठीत आणून प्रसारित केली, तर ती आपल्या दहा व्यसनी व्यक्तींपैकी एक-दोघांनाच आपली वाटेल.

याच सर्वेक्षणात आशादायक बाबही आढळते. २००९-१० मध्ये महाराष्ट्रातील एकूण प्रमाण ३१.४ टक्के होते. सात वर्षांत ते जवळपास पाच टक्क्यांनी खाली आले. देशभरात १५ ते १७ वर्षे वयोगटातील सेवनाचे प्रमाण याच काळात ९.६ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर उतरले. कायदा, करवाढ, वेष्टनावरील सचित्र इशारे आणि जनजागृती यांचा हा एकत्रित परिणाम मानावा लागेल. प्रयत्न केले तर प्रमाण घटते, हे यावरून सिद्ध होते.

चिंतेची बाब अशी की, व्यसनाचा आरंभ फार लवकर होतो. १३ ते १५ वर्षे वयाच्या शालेय विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. ज्यांनी कधी ना कधी तंबाखूचा वापर केला होता, त्यांपैकी सिगारेट ओढणाऱ्यांतील ३८ टक्के, विडी ओढणाऱ्यांतील ४७ टक्के आणि चघळावयाचा तंबाखू वापरणाऱ्यांतील ५२ टक्के मुलांनी दहा वर्षांचे होण्यापूर्वीच त्याची चव घेतली होती. महाविद्यालयातील व्याख्यानाने या मुलांपर्यंत पोहोचावयाचे म्हटले, तर आपण आठ-दहा वर्षे उशिरा पोहोचतो.

व्यसन कसे जडते

मुले मनाने दुबळी असतात म्हणून व्यसन लागते, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य मेंदूतील सुखाची जाणीव देणाऱ्या यंत्रणेवर कार्य करते. धूर ओढला असता ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तंबाखू चुन्याबरोबर मळला असता चुन्याच्या क्षारतेमुळे निकोटिन तोंडाच्या आतील त्वचेतून अधिक वेगाने रक्तात मिसळते. हातावर तंबाखू मळताना चुना लावण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली, तिच्यामागे हे कारण आहे. मेंदूची वाढ साधारणतः पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वाढत्या वयात निकोटिनची सवय लागली, तर ती अधिक खोलवर रुजते आणि सोडणे अधिक कठीण होते.

सुपारीविषयीही स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. "आमचा मुलगा तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असे पालक समाधानाने सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीचा समावेश माणसास कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत केला आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतील मऊ त्वचा हळूहळू ताठ व निबर होत जाते. आरंभी तिखट सोसत नाही; पुढे तोंड उघडणे कमी होत जाते. ही अवस्था कर्करोगपूर्व मानली जाते.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात असाच एक तरुण आला होता. ठेचा-भाकरी खाल्ली की तोंडाची आग होते, एवढीच त्याची तक्रार होती. डॉक्टरांनी तोंड उघडण्यास सांगितले तेव्हा त्याची दोन बोटेही नीट आत जाईनात. समुपदेशनाच्या वेळी त्याने आपण होऊन मोबाइल काढून तोंडाच्या कर्करोगाची एक चित्रफीत दाखवली. ती त्याने अनेकदा पाहिली होती, मित्रांना पाठवलीही होती. ती पाहताना त्याच्या गालात सुपारी होतीच. ऑनलाइन मोहिमेचा विचार करताना हा तरुण आम्ही सतत नजरेसमोर ठेवतो. त्याला माहिती मिळाली नव्हती, असे नाही. माहिती मिळाल्यानंतर पुढची पायरी कोणती, हे त्याला कोणी दाखविले नव्हते.

जाहिरातीने बदललेला मार्ग

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आली. १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री करण्यास मनाई झाली. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील निर्बंध २ ऑक्टोबर २००८ पासून अधिक कडक झाले. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ मध्ये ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांवर देशभर बंदी आली.

कायदे पुरेसे आहेत. परंतु जाहिरातीने आपला मार्ग बदलला. जे नाव तंबाखूच्या पुडीवर असते, तेच नाव वेलची किंवा पान मसाल्याच्या डबीवर छापून प्रसिद्ध नटांच्या हस्ते ती विकली जाते. वस्तू बदलते, नाव तेच राहते. अशा छुप्या जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांद्वारे निर्बंध घातले. चित्रपटांतील व दूरचित्रवाणीवरील धूम्रपानाच्या दृश्यांसाठी २०१२ पासून लागू असलेले इशाऱ्यांचे नियम १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरील मालिका-चित्रपटांनाही लागू करण्यात आले.

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि खेड्यातील मुलाच्या हाती स्मार्टफोन आला. पूर्वी जाहिरात चौकात लागत असे. ती गावकऱ्यांना दिसे आणि कोणी आक्षेपही घेऊ शके. आता ती मुलाच्या फोनवर येते आणि आई-वडिलांना तिचा पत्ताही नसतो. ज्या ठिकाणी व्यसनाचे आमंत्रण येते, त्याच ठिकाणी प्रतिबंधाचा संदेश पोहोचावयास हवा. ऑनलाइन मोहिमेची आवश्यकता आहे, ती याच कारणासाठी.

मोहिमांचे तीन प्रकार

सर्व ऑनलाइन मोहिमा एकाच जातीच्या नसतात. समजण्यास सोपे जावे म्हणून आम्ही त्यांचे तीन प्रकार करतो.

पहिला प्रकार जनजागृतीचा. यात चित्रफिती, चित्रे, छोटे संदेश यांचा समावेश होतो. २००९ मध्ये आपल्या देशात फुप्फुसाला स्पंजाची उपमा देणारी धूम्रपानविरोधी चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. त्यानंतर भुसावळकडील मुकेश नावाच्या तरुणाची चित्रफीत देशभर पोहोचली. गुटख्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊन २००९ साली वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्याचे निधन झाले होते. चित्रपटगृहांतून ती चित्रफीत इतक्यांदा दाखविली गेली की त्या नावावरून विनोद रचले गेले आणि तेच विनोद समाजमाध्यमांवर फिरू लागले. एका आईच्या मुलाचा मृत्यू तरुणांच्या थट्टेचा विषय व्हावा, हे क्लेशकारक आहे. परंतु त्यापासून बोधही घ्यावयास हवा. भीती एकदा बसते. तीच भीती शंभर वेळा दाखवली की मन तिच्यापासून स्वतःचा बचाव करू लागते. हसणे हा त्या बचावाचाच एक प्रकार आहे.

अमेरिकेतील अनुभव येथे उपयोगी पडतो. 'ट्रुथ' या नावाची मोहीम तेथे २००० साली देशपातळीवर सुरू झाली. "धूम्रपान करू नका" असा उपदेश न करता, तंबाखू कंपन्या तरुणांना कशा गळाला लावतात, हे तिने तरुणांसमोर मांडले. मोठ्यांचे ऐकावयाचे नाही, ही त्या वयाची वृत्ती असते. ती वृत्तीच कंपन्यांविरुद्ध वळविण्यात आली. पहिल्या चार वर्षांत सुमारे साडेचार लाख किशोरवयीन मुले धूम्रपानापासून दूर राहिली, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१४ मध्ये 'द रिअल कॉस्ट' ही मोहीम हाती घेतली. तिच्यामुळे नोव्हेंबर २०१६ पर्यंत ११ ते १९ वर्षे वयाच्या ५ लाख ८७ हजारांपर्यंत मुलांनी धूम्रपानास सुरुवात केली नाही, असे मूल्यमापनात आढळले. दोन्ही मोहिमा मोठ्या निधीच्या व दूरचित्रवाणीवर विसंबलेल्या होत्या, हे मात्र ध्यानात ठेवावे. आपल्या ऐपतीत त्यांचा आकार बसत नाही; त्यांचा विचार मात्र बसतो.

दुसरा प्रकार सोबतीचा. यात जो सोडू इच्छितो, त्याला ठरावीक काळ नियमित संदेश पाठविले जातात, तो उत्तर देऊ शकतो आणि अडचणीच्या क्षणी मदत मागू शकतो. या प्रकाराचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ब्रिटनमध्ये ५,८०० व्यक्तींवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, असे संदेश मिळणाऱ्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनंतर धूम्रपानमुक्त होते. ज्यांना ते मिळाले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ४.९ टक्के होते. अमेरिकेत १८ ते २४ वर्षे वयाच्या ई-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांसाठी केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात महिन्यांनंतर हे प्रमाण अनुक्रमे २४.१ व १८.६ टक्के आढळले. भारत शासनानेही २०१६ च्या आरंभी मोबाइल संदेशांद्वारे तंबाखूमुक्तीची योजना सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकाची राष्ट्रीय क्विटलाइन सुरू झाली. १ सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. म्हणजे रोगाच्या पुडीवरच औषधाचा पत्ता छापलेला आहे. तो वाचून फोन करावयास लावणे, एवढेच काम उरते.

तिसरा प्रकार सहभागाचा. यात विद्यार्थी, शिक्षक व गावकरी स्वतः काही कृती करतात आणि फोन हे त्याचे साधन असते. महाराष्ट्रात २००२ पासून कार्यरत असलेल्या सलाम मुंबई फाउंडेशनने शिक्षण विभागाच्या सहकार्याने तंबाखूमुक्त शाळांचे कार्य उभे केले. यात शाळेने ठरलेले निकष पूर्ण करावयाचे आणि त्याची छायाचित्रे ऑनलाइन सादर करावयाची, अशी पद्धत आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 'तंबाखूमुक्त युवा' मोहिमेतही २०२३ पासून शाळा, गावे आणि समाजमाध्यमे यांची सांगड घालण्यात आली. गडचिरोलीत 'सर्च' संस्था, शासन व टाटा ट्रस्ट्स यांच्या वतीने २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमाचा भर गावाच्या निर्णयावर आणि प्रत्यक्ष कृतीवर आहे. गावाने ठरवले, तर टपरीवरील पुडी हटते. केवळ फोनवरील संदेशाने ती हटत नाही.

मर्यादांची स्पष्ट जाणीव

देणगीदारांपुढे केवळ उजळ बाजू मांडणे योग्य होणार नाही. म्हणून मर्यादाही नमूद करतो.

एक, पाहिले म्हणजे सोडले असे होत नाही. चित्रफीत किती जणांनी पाहिली, हा आकडा आकर्षक दिसतो. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर तो खर्चाचा आकडा आहे, उत्पन्नाचा नव्हे. जमेच्या बाजूस लिहावयाचा आकडा एकच : सहा महिन्यांनंतर किती जण तंबाखूपासून दूर राहिले.

दोन, आरंभीचे यश टिकतेच असे नाही. अमेरिकेत तरुणांसाठी फेसबुकवरील गटांद्वारे केलेल्या एका चाचणीत तीन महिन्यांनंतर चांगला फरक दिसला; वर्षाच्या कालावधीत तो टिकला नाही. म्हणून मोहीम ३१ मे च्या जागतिक तंबाखूविरोधी दिनापुरती असू नये.

तीन, सर्वांच्या हाती फोन नसतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात एकच फोन असतो आणि तो बहुधा वडिलांकडे असतो. मशेरी लावणाऱ्या माउलीपर्यंत समाजमाध्यम पोहोचत नाही. तिच्यासाठी आशाताई आणि आरोग्य केंद्रातील परिचारिका यांना पर्याय नाही.

चार, मुलांच्या माहितीचे संरक्षण. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध घातले आहेत. हेतू चांगला आहे म्हणून मुलांचे क्रमांक गोळा करावेत, असे करता येणार नाही, करूही नये.

खर्चाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. २०१७-१८ या वर्षात तंबाखूजन्य आजार व अकाली मृत्यू यांमुळे ३५ वर्षांवरील व्यक्तींच्या बाबतीत देशास झालेले नुकसान १,७७,३४१ कोटी रुपये होते, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हे प्रमाण देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याहून थोडे अधिक भरते. तंबाखूवरील उत्पादन शुल्कातून शासनास १०० रुपये मिळतात, तेव्हा समाजाला ८१६ रुपयांचा भार सोसावा लागतो, असे याच अभ्यासात दाखविले आहे. वाणिज्य शाखेचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही अशा व्यवहारास नफ्याचा म्हणणार नाही.

देशाचा हिशेब बाजूस ठेवून एका घराचा पाहू. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण शहागडहून छत्रपती संभाजीनगर, बार्शी अथवा मुंबईस उपचारासाठी जातो. शासकीय योजनांमधून शस्त्रक्रियेचा खर्च भागला, तरी प्रवास, सोबतच्या व्यक्तीची बुडालेली मजुरी, भाड्याची खोली, पातळ आहार आणि वारंवार घालावे लागणारे खेटे यांचा खर्च घरालाच करावा लागतो. कोणाची शेळी विकली जाते, कोणाचे शेत गहाण पडते, कोणाच्या मुलीचे शिक्षण थांबते. हा खर्च आमच्या अहवालात कधी दिसत नाही. कारण तो रुग्णालयाच्या नव्हे, रुग्णाच्या वहीत पडतो.

शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तोंडाची तपासणी ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. म्हणजे दहाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा वीस वर्षे कोणाच्याच नजरेस पडत नाही. ही वीस वर्षांची पोकळी भरणे, हे आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाचे काम आहे, असे आम्हांस वाटते.

रुग्णालयाचा संकल्प

वरील विचारांच्या आधारे आगामी वर्षासाठी आम्ही विश्वस्त मंडळापुढे मर्यादित स्वरूपाची योजना ठेवीत आहोत.

१. चित्रफितींची निर्मिती रुग्णालय स्वतः मोठ्या प्रमाणावर करणार नाही. उपलब्ध शासकीय साहित्यातून निवड करून आपल्या भागातील बोलीत छोटे श्राव्य संदेश तयार केले जातील. त्यांत सिगारेटपेक्षा सुपारी, मावा व चुना-तंबाखू यांवर भर राहील.

२. प्रत्येक संदेशाच्या शेवटी एकच कृती सुचविलेली असेल : क्विटलाइनला फोन करा, किंवा रुग्णालयात तोंड तपासून घ्या. कृतीविना संदेश प्रसारित होणार नाही.

३. जो प्रौढ तरुण स्वतःहून नाव नोंदवील, त्याला पहिले तीन आठवडे दररोज आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत अंतराअंतराने संदेश जातील. तलफ येते तेव्हा ती काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टाळणे, दीर्घ श्वास घेणे, पाणी पिणे आणि दुसऱ्या कामात मन गुंतविणे, हे चार उपाय त्यास वारंवार आठवून दिले जातील. उत्तर देणारी व्यक्ती रुग्णालयाचीच प्रशिक्षित समुपदेशक असेल.

४. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यांशी संपर्क केवळ शाळेमार्फत व पालकांच्या संमतीने होईल. त्यांचे क्रमांक रुग्णालय जमा करणार नाही.

५. कोणत्याही रुग्णाचे छायाचित्र अथवा चेहरा मोहिमेत वापरला जाणार नाही. आजाराने आधीच खचलेल्या कुटुंबावर गावभर ओळखले जाण्याचे दुःख लादण्याचा आपणांस अधिकार नाही.

६. वर्षअखेरीस किती जणांनी नाव नोंदवले, एक महिन्याने किती जण टिकले आणि सहा महिन्यांनी किती जण तंबाखूमुक्त राहिले, हे तीन आकडे पुढील अहवालात प्रसिद्ध केले जातील. आकडे लहान असले, तरी ते जसेच्या तसे छापले जातील.

कुटुंबीयांस नम्र विनंती

मुलगा तंबाखू किंवा सुपारी खातो असे कळल्यावर बहुतेक घरांत आरडाओरड होते, प्रसंगी मारहाणही होते. त्यामुळे सवय सुटत नाही. ती केवळ लपविली जाते. शांतपणे विचारावे आणि सोडण्याचा एक दिवस त्याच्याकडूनच ठरवून घ्यावा. त्या दिवसापासून घरातील वडीलधाऱ्यांनीही आपली चंची बाजूला ठेवावी. "बाळा, दुकानातून पुडी घेऊन ये," असे सांगणाऱ्या वडिलांचा उपदेश मूल ऐकत नाही.

पुढील लक्षणे आढळल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी : स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात न जाणे, तिखट पदार्थाने आग होणे, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसणे, दोन आठवड्यांनंतरही न भरणारा व्रण, गळ्यात गाठ अथवा गिळताना त्रास. यांतील प्रत्येक लक्षण कर्करोगाचेच असते असे नाही. परंतु लवकर आलेल्या रुग्णास पुष्कळ काही देता येते. उशिरा आलेल्यास द्यावयाचे थोडे उरते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

समारोप

ऑनलाइन मोहीम हा चमत्कार नव्हे आणि रुग्णसेवेचा पर्याय तर मुळीच नव्हे. ती औषधाच्या पेटीतील एक साधन आहे. कायद्याची अंमलबजावणी, शाळेची शिस्त, ग्रामसभेचा ठराव, आशाताईंची गृहभेट, डॉक्टरांची तपासणी आणि घरातील आपुलकी यांच्या जोडीने ती वापरली, तर तिचा उपयोग होतो. एकटीच वापरली, तर लोक पाहतात आणि विसरतात. शंभर तरुणांनी नाव नोंदवले आणि त्यांतील दहा जण जरी कायमचे सुटले, तरी दहा घरांत मुंबईच्या वाटेचा खर्च होणार नाही. देणगीच्या रुपयाचा याहून चांगला विनियोग आमच्या पाहण्यात नाही.

या कार्यासाठी देणगीदारांनी आर्थिक साहाय्य द्यावे, ही विनंती आहेच. परंतु त्याहून मोठी मागणी वेळेची आहे. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, ऊसतोड मुकादम आहेत, गाडीमालक आहेत, त्यांनी आपल्या हाताखालील एका तरुणाला सहा महिने सोबत द्यावी. संदेश पाठविण्याचे काम यंत्र करील. विचारपूस मात्र माणसालाच करावी लागेल.

 

प्रशासन विभाग,
शहागड, ता. अंबड, जि. जालना